दुसरी एकादशी

या, जवळ सरका. एक गोष्ट सांगतो. आमच्या कीर्तनात झांज धरणारे दिगंबरकाका काकूंना घेऊन परदेशी गेले. उद्या जहाजावर चढायचं, आज बंदराजवळच्या हॉटेलात मुक्काम.

एकादशीचा निर्जळी उपास विमानातच झाला होता. पण खोलीत पोचताच काका म्हणाले, "इथे एकादशी आज आहे."

"अहो, शुगर आहे तुम्हाला! देव काय घड्याळं जुळवत बसलाय?"

"तो नाही गं, मी जुळवतो."

इन्सुलिन मात्र त्यांनी नेमाने टोचलं, तेही उपाशीपोटी. खिडकीतून जहाज दाखवता दाखवता हात थरथरला, घाम फुटला. काकूंनी साखर पुढे केली, तर ओठ घट्ट मिटले. "उपास उद्या सोडीन, जहाजावर."

सकाळी काका उठलेच नाहीत. द्वादशीला पहिला घास घ्याल ना, तेव्हा त्यांना आठवा.