एलिहियोचा पाय

"काका, खरं सांगा, अंगावर लोखंडाचं काही आहे का?" डॉक्टर इदाल्मिसनं चौथ्यांदा विचारलं.

"नाही म्हटलं ना."

पडद्यावर दोनशे यंत्रं दिसत होती, एकेक पिठाच्या कणाएवढं. जांघेतल्या रक्तवाहिनीतून सोडलेली ही यंत्रं बाहेरच्या मोठ्या चुंबकाच्या ओढीनं पोटरीपर्यंत जाणार होती आणि तिथली रक्ताची गुठळी पोखरणार होती. नाहीतर एलिहियोचा डावा पाय गुडघ्यातून कापावा लागला असता. सांतियागो शहराच्या कार्निव्हालमध्ये तीस वर्षं सगळ्यांच्या पुढे नाचणारा माणूस तो. पण यंत्रं हलायचं नाव घेत नव्हती. कमरेशीच घोळका करून बसली होती. आणखी थोडा वेळ गेला तर त्यांचीच नवी गुठळी होणार होती.

इदाल्मिसनं चादर बाजूला केली. चड्डीच्या नाडीला लाल कापडाची पुरचुंडी बांधलेली. आत चुंबकाचा दगड. आपला माणूस आपल्याकडेच ओढलेला राहावा म्हणून बायका असला दगड लोखंडाचा कीस चारून पोसतात, हे सांतियागोत शेंबड्या पोरालाही ठाऊक. जगभरच्या शहाण्यांनी मिळून बनवलेली यंत्रं त्यालाच भुलली होती.

"राहू दे ना तो," एलिहियो पुटपुटला.

"पाय जातोय तुमचा. बायकोची एवढी भीती?"

"फार."

तिनं कात्रीनं नाडीपासून पुरचुंडी कापून काढली. अर्ध्या तासात गुठळी फुटली, काळीनिळी बोटं गुलाबी झाली. एलिहियोनं मात्र डोळे घट्ट मिटून घेतले.

बाहेर बाकावर त्याची बायको नेरेइदा बसली होती. इदाल्मिसनं पुरचुंडी तिच्या हातात आपटली.

"मावशी, पाय वाचला. पण तुमच्या या दगडापायी जाणार होता. नवऱ्याला धरून ठेवायला हे असले उद्योग?"

नेरेइदानं पुरचुंडी सोडून दगड उलटासुलटा करून पाहिला. एकतीस वर्षं तिनं शाळेत विज्ञान शिकवलं होतं.

"डॉक्टरबाई, चुंबक काय करतो ते मी पोरांना शिकवलंय. माझ्या घरात असलं काही नाही."

नेरेइदानं पुरचुंडीची गाठ नीट मारली आणि ती इदाल्मिसला परत केली.

"चालायला कधी लागेल तो?"

"उद्या सकाळी."

"बरं झालं. ही पुरचुंडी जिच्याकडून आलीय, तिच्या दारापर्यंत आता आपल्या पायांनी जाईल."