हिरवा टॅग

"आईचा पासपोर्ट बॅगेत होता आणि बॅग गेली," कर्टिस हॉगलंडने काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. आवाज त्याने मोठ्या कष्टाने खाली ठेवला होता.

हरलीन सहा वर्षं व्हँकुव्हरच्या बंदरावर हेच काम करत होती. अलास्का फिरून आलेल्यांना सिएटलच्या बसमध्ये बसवून द्यायचं. जहाजावर शेवटच्या संध्याकाळी मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवतात, त्या परस्पर बसमध्ये चढतात. आणि दर फेरीला कुणीतरी शहाणा पासपोर्ट नेमका त्याच बॅगेत टाकून कुलूप लावतो.

"कोणत्या रंगाचा टॅग होता?"

"पिवळा. अकराच्या बसचा. मीच हातात दिला होता."

"मी हिरवा लावला," मागच्या बाकावरून त्याची आई म्हणाली. "जिन्यापाशी ठेवले होते. हिरवा बरा दिसत होता."

हिरवा म्हणजे आठची बस. ती एव्हाना सरहद्द ओलांडून अमेरिकेत पोचली होती.

कर्टिसने कपाळाला हात लावला. "बघितलंत? सकाळी जहाजावरच्या खोलीत चपला विसरली. आणून देतो म्हटलं, तर म्हणे राहू देत. आता हे."

वर्ना हॉगलंड एकोणऐंशी वर्षांची होती. पायाशी टम्म फुगलेली लोकरीची पिशवी, मांडीवर विणकाम. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे तिच्या गावीही नसावं. "त्रेसष्ट, चौसष्ट," ती टाके मोजत होती.

हरलीनने न विचारताच कर्टिसने सगळं सांगून टाकलं. गेल्या वर्षी दोनदा गॅस चालू राहिला होता. सिएटलजवळच्या एव्हरेट गावात, त्याच्या घराजवळच एक वृद्धाश्रम होता, तिथे तीन वर्षं नंबर लावून बसल्यावर एक खोली मिळाली होती. आज पाचपर्यंत आईने स्वतः जाऊन सही करायची, नाहीतर खोली पुढच्या माणसाला. वडील चाळीस वर्षं अलास्काच्या पाण्यात हॅलिबट मासे पकडत होते आणि आई जन्मभर धक्क्यावरून हात हलवत राहिली. म्हणून वृद्धाश्रमात जायच्या आधी ही एक सफर. माणूस वाईट नव्हता. घाईत होता, एवढंच.

"खोली चांगली आहे हो. खिडकीतून पार्किंग दिसतं, येणारं-जाणारं कळतं."

"तुम्हाला आवडली का, मॅडम?" हरलीनने मान वाकवून वर्नाला विचारलं.

"आवडली तिला," कर्टिस म्हणाला.

वर्नाने मान वर केली, हरलीनकडे बघून हसली, आणि "पासष्ट" म्हणून पुढे विणू लागली.

हरलीनने सिएटलला फोन लावला. बॅग सुखरूप होती. पण मालकाशिवाय किंवा घरच्या माणसाशिवाय ती कुणाच्या ताब्यात देणार नव्हते, परत पाठवणं तर दूरच. आणि पासपोर्टशिवाय ड्रायव्हर आजींना पायरीवर पाय ठेवू देणार नव्हता. मार्ग एकच होता. कर्टिसने अकराच्या बसने जायचं, बॅग घ्यायची, चारच्या बसने परत यायचं.

"म्हणजे आठ वाजले!" कर्टिसने लगेच वृद्धाश्रमाला फोन केला, बराच वेळ गयावया केली. "उद्या दुपारी बारापर्यंत ठेवतील. बारा म्हणजे बारा. पण हिला एकटीला कशी सोडू?"

"माझी ड्यूटी आठपर्यंत आहे. माझ्यासमोरच बसतील त्या."

वर्नाने गळ्यातली बॅगेची किल्ली काढून मुलाच्या हातात दिली. "वरच निळा स्वेटर आहे. तुझ्या मापाचा."

"आई, जुलै चाललाय."

"थंडी काय, येतेच. दंडावर घट्ट झाला तर सूनबाईला सांग, एक टाका उसवला की सैल होतो."

"बरं. आणि इमारतीच्या बाहेर जाऊ नकोस. एकदा तरी माझं ऐक."

"इमारतीच्या बाहेर नाही जाणार," वर्ना म्हणाली. मग तिने त्याची कॉलर नीट केली. नीट असलेलीच कॉलर दोनदा नीट केली.

बस वळून दिसेनाशी होईपर्यंत ती काचेपाशी उभी होती. परत येऊन बसली तेव्हा तिने डोळे पुसले. हरलीनला तिची फार दया आली. आपल्या आजीची आठवण झाली आणि स्वतःच्या डब्यातला अर्धा पराठा तिने वर्नाला नेऊन दिला.

"किती टाके झाले, मॅडम?"

"एकशे बारा. तू मघाशी मध्ये बोललीस तेव्हा पासष्टवर होते."

सव्वा वाजता हरलीन एका जोडप्याची तिकिटं करून देत होती. मान वर केली तर बाक रिकामा. पिशवीही नव्हती. काउंटर तसंच टाकून ती धावली.

वर्ना वरच्या मजल्यावर सापडली. तेच जहाज चारला पुन्हा अलास्काला निघणार होतं, त्याच्या रांगेत ती उभी होती. अगदी पुढे.

"मॅडम, ही बसची रांग नाही!" हरलीनने धापा टाकत तिचा दंड धरला. "चला, मुलगा येईल तुमचा. ही जहाजाची रांग आहे."

"ठाऊक आहे, बाळ," वर्ना म्हणाली. तिने पिशवीत हात घातला, लोकरीचे गुंडे बाजूला सारले, घडी केलेले दोन फ्रॉक बाजूला सारले आणि तळातून आपला पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

टेबलामागच्या माणसाने पडद्यावर बघितलं आणि तो हसला. "मिसेस हॉगलंड! सकाळीच तर उतरलात. सप्टेंबर संपेपर्यंतच्या सगळ्या फेऱ्यांची तिकिटं... आणि खोली तीच?"

"तीच," वर्ना म्हणाली. "चपला तिथेच आहेत माझ्या."