पालेभाजी बंद

रुपरावांचा रिपोर्ट पुन्हा बिघडला होता. हृदयातली झडप बदलल्यापासून ते रक्त पातळ ठेवायची गोळी घेत होते, तरी रक्त हवं तेवढं पातळ राहत नव्हतं. झडपेवर गुठळी धरली तर जिवावर बेतेल, हे डॉक्टर अरुंधतींनी स्पष्टच सांगितलं. गोळी वाढवायला त्यांनी पेन उचललं आणि लिहिण्याआधी विचारलं, घरात पालेभाजी किती होते?

रुपरावांची सून वैभवी या प्रश्नाची वाटच पाहत होती. पालेभाजी रोज सारखीच खा, एकदम वाढवू नका, एवढंच डॉक्टर म्हणाल्या होत्या. वैभवीने ती पार बंदच करून टाकली. धरमपेठेतल्या त्या घरात पालक, मेथी, अंबाडी कशालाच प्रवेश नव्हता. ज्याला नागपुरात सांबार म्हणतात ती कोथिंबीरही पोह्यांवरून हद्दपार झाली होती. बटाटे खाऊन नवरा कुरकुरत होता, पण सासऱ्यांच्या जिवापुढे त्याची कुरकुर कोण ऐकतो.

"आणि ताकदीसाठी बाबांना रोज सकाळी केलचा रस देते," ती अभिमानाने म्हणाली. "गच्चीवर कुंड्यांत मीच लावलीय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कुरळ्या पानांची ती केल गुणाचीच, पण शेवटी पालेभाजीच, त्यांनी समजावलं. रक्त गोठायला मदत करणारं जीवनसत्त्व तिच्यात ठासून भरलेलं. इतरांनी खुशाल खावी. पण या गोळीवरच्या माणसाला न विचारता रोज पेलाभर पाजणं म्हणजे गोळीचा जोर घालवणं.

फोडणी देऊन शिजवतात ती भाजी, हा तर रस, असं वैभवीने धरलं होतं. तिचा चेहरा उतरला. बाबांना आपण आपल्या हातांनी संकटात लोटलं, या विचाराने तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळू लागलं.

रुपराव इतका वेळ भिंतीवरचं हृदयाचं चित्र निरखत होते. सून रडताना पाहून त्यांना राहवेना. पोरीने जिवापाड केलं आणि तिच्यावर असा नसता आळ यावा, हे काही खरं नव्हतं.

"रडू नको वं वैभवी," ते म्हणाले. "मी तो रस एक दिवसही पेलो नाही. जास्वंदीले टाकून राहिलो."

वैभवी रडायची थांबली. यंदा जास्वंद कशी फोफावली, हे ती शेजारणींना कौतुकाने दाखवत होती. रागवावं की सुटले म्हणावं, ते तिला कळेना. शेवटी तिला हसूच फुटलं. रुपरावही मोकळेपणी हसले.

डॉक्टर तेवढ्या हसल्या नाहीत. रस पोटात गेलाच नाही, तर रिपोर्ट बिघडला कशाने? रस टाकून झाल्यावर काका सकाळी खातात तरी काय, असं त्यांनी विचारलं.

रुपराव ताठ बसले. पथ्याच्या बाबतीत त्यांना कुणाची भीती नव्हती.

"पालेभाजीले मी हात नाही लावत, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "फिरून येता येता कोपऱ्यावरच्या सांबारवड्या खातो रोज. आत गच्च सांबारच राहते, पण थे तं तळलेली राहते नं."