दोरीवरची ओ

चार हाका मारल्याशिवाय शिवराज घरात कधी ओ देत नसे. म्हणूनच स्कूबाच्या कोर्समध्ये सुकेशनीला सगळ्यात आवडली ती दोघांच्या मनगटांना बांधायची दोरी. एक हिसका म्हणजे ‘ठीक आहे का?’ आणि जोडीदारानं हिसक्यानंच ओ द्यायची. शहरातल्या तलावात शिकताना नवरा तिथंही उशीरच लावायचा.

सर्टिफिकेट हातात आल्यावर पहिल्याच रविवारी दोघं पैठणच्या धरणात उतरले. पाणी इतकं गढूळ, की स्वतःचा हात दिसेना. तिनं दोरी ओढली. लगेच ओ आली. पुन्हा ओढली, पुन्हा लगेच. माणूस सुधारला म्हणायचा, असं मनाशी हसत ती वर आली.

शिवराज बोटीत टॉवेल गुंडाळून बसला होता.

“रागवू नको गं. उतरल्या उतरल्याच कान लई दुखला. दोरी सोडली अन् वर आलो.”

“कवाचे बसलेत हितं,” नावाडी सोनाजी हसला. “द्या ताई, हात द्या.”

तिनं डावा हात वर केला. उजव्या मनगटाची दोरी सरळ खाली गेली होती, ताठ.

दोरीला एक हिसका बसला.

काही कळायच्या आत तिच्या हातानं सवयीनं ओ दिली.