पूजा केव्हाच झाली

"मग पूजा झाली असेल, तर जेवण झालं का?" धम्मपाल सरांनी विचारलं.

"झालंच की," वैजयंती म्हणाली. बाकांवरच्या साऱ्यांनी माना डोलावल्या.

घरातलं एखादं जर-तरचं वाक्य सांगा, असं सरच म्हणाले होते. सेलूच्या त्या क्लासात भरतीच्या परीक्षेची तयारी चालायची. वैजयंतीनं वालूरच्या आपल्या सासरचा रिवाज सांगितला: माणूस जेवलं असेल, तर त्याची लिंगपूजा झालेली असते. तळहातावरच्या लिंगाला बेल वाहिल्याशिवाय त्या घरात कुणी तोंडात घास घालत नसे.

सर हसले. "पूजेवाचून जेवण नाही, एवढंच तू सांगितलंस. पूजा करून एखादा उपाशीच राहिला, तर तुझं वाक्य कुठं मोडतं?"

कुठंच मोडत नव्हतं. वैजयंतीला मोठी गंमत वाटली. सुपातले दाणे घोळवावेत तसं तिनं ते वाक्य मनात घोळवलं, उलटं केलं, सुलटं केलं. आणि घोळवता घोळवता एकदम थांबली.

सासूबाई, नागुबाई, अलीकडं वाळत चालल्या होत्या. परवा तर हौदापाशी भोवळ येऊन खालीच बसल्या. शेजारची सरजाबाई येता-जाता ऐकवायची, सून पुस्तकात रंगली, सासू काठीगत वाळली. आपलं रोजचं जाणंच त्यांच्या जिवाला लागलंय, असं वैजयंतीनंही धरून चाललं होतं. परीक्षा तोंडावर आलेली. तरी क्लास सोडते म्हणून आज घरी सांगायचं, हे तिनं सकाळीच ठरवलं होतं.

रोज संध्याकाळी ती विचारायची, दुपारी जेवलात का. नागुबाई म्हणायच्या, पूजा केव्हाच झाली. दुरडीतली भाकर संपलेली असायची. वैजयंती पुढं काही विचारत नसे.

आज बसमधून उतरली ती थेट चुलीपाशी आली. खांद्यावरची पिशवी तशीच.

"आत्याबाई, पूजा झाली ते कळलं. जेवलात का?"

परातीतल्या पिठात नागुबाईंचा हात थांबला. खोटं बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. दुपारची भाकर गाईला घालायलेय, असं त्या पिठाकडं बघत म्हणाल्या. नवरा-मुलगा दुकानावर, सून सेलूला. सुन्या घरात एकटीला घास उतरत नव्हता.

वैजयंतीचे डोळे भरून आले. "मग मला सांगायचं न्हाई का?"

नागुबाईंनी पीठ पुन्हा मळायला घेतलं.

"सांगितलं असतं, तर तू क्लास सोडला असतास, माय."