वीस टक्के उजेड

"साडेनऊनंतर सगळे दिवे वीस टक्क्यांवर आण," नंदीश म्हणाला.

शाकीर रिमोट हातात धरून खांबाखाली उभा होता. टॉवेलच्या कारखान्यापासून वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर सौर दिव्यांचे असे बावीस खांब होते. दिवे लावून महिनाही झाला नव्हता आणि पहाटेच्या आत ते विझायला लागले होते. ठेकेदारानं बॅटऱ्या ठरल्यापेक्षा लहान बसवल्या होत्या. आता रात्र निभवायची तर उजेड कमी करण्याशिवाय इलाज नव्हता.

"साहेब, कारखान्याची दुसरी पाळी दहाला सुटते. बायका चालत येतात की या रस्त्यानं."

"खाली माणूस आलं की दिवा आपोआप फुल्ल होतो. सेन्सर कशाला असतो मग?"

"या मालात सेन्सरच नाहीत. मी चार दिवे उघडून बघितले."

"कागदावर आहेत," नंदीश म्हणाला. तो ठेकेदाराचा इंजिनिअर. शाकीरला कामावर ठेवणं, काढणं त्याच्याच हातात होतं. त्यानं तपासणीचा फॉर्म पुढं केला.

'सेन्सर चालू. रात्रभर पुरेसा प्रकाश.' शाकीरनं त्या ओळीपुढं बरोबरची खूण केली आणि खाली सही केली. मग एकेका खांबाखाली जाऊन बटण दाबत गेला.

नवव्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर त्याला बातमी कळली. आदल्या रात्री त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरनं एका बाईला उडवलं होतं. महेश्वरी तिचं नाव. पाळी संपवून घरी निघाली होती. जागच्या जागी गेली. हाताशी फुटलेला फोन सापडला. ट्रॅक्टरवाला म्हणत होता, मला दिसलीच नाही.

शाकीरनं चहा तसाच ठेवला. गाडी काढली, रस्त्यावर गेला आणि कुणाला न विचारता बावीसच्या बावीस दिव्यांचं सेटिंग बदललं. मध्यरात्रीपर्यंत पूर्ण उजेड. पहाटे विझले तर विझू देत. शेवटच्या खांबापाशी रस्त्यावर कुणीतरी माती टाकली होती. तो तिथं थांबला नाही.

दोन दिवसांनी पोलीस आणि महापालिकेची माणसं बरोबर दहाच्या सुमाराला पाहणी करून गेली. रस्ता लख्ख होता. त्यांनी तसंच लिहिलं. रस्त्यावर भरपूर प्रकाश होता, महिला मोबाईलवर बोलत मधून चालत होती, असा अहवाल झाला. सोबत शाकीरच्या सहीचा फॉर्म जोडला.

अहवालाची गोष्ट कानावर आली तसा शाकीर महापालिकेच्या कार्यालयात गेला. उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगून टाकलं.

"ही सही तुमचीच ना?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"माझीच. पण मी खोटं लिहिलं होतं."

"आणि दिवे? आम्ही डोळ्यांनी बघितलेत."

"ते मी नंतर वाढवले साहेब. अपघात झाल्यावर."

"म्हणजे तेव्हा अंधार होता, याला पुरावा काय?"

पुरावा त्या दिव्यांतच होता. तो शाकीरनं स्वतःच्या हातानं, एकेका खांबाखाली उभं राहून पुसला होता.

त्याच संध्याकाळी नंदीशनं त्याला कामावरून काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाकीर भवानी पेठेत महेश्वरीच्या घरी गेला. तिचा नवरा सिद्धू दारातच बसला होता. शाकीरनं पायरीवर बसून पहिल्यापासून सांगितलं. बॅटऱ्या, वीस टक्के, सही, नंतर वाढवलेला उजेड. हा माणूस आता आपल्याला मारणार, असं त्याला वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

सिद्धूनं मान वर केली नाही.

"सांगून तुमचं मन हलकं हुईल," तो म्हणाला. "आमचं काय? केस मिटली. फोनवर बोलत हुती म्हनून मेली, असं लिवलं त्येनी. कुनाशी बोलत हुती, ते बी कळलं न्हाय. फोनचा चुरा झाला. आता गल्लीत लोक काय काय बोलत्यात, ते मी ऐकतो."

"मी परत जातो साहेबांकडं. लिहून देतो."

"द्या. तुमचं कोन ऐकतंय?"

ते खरंच होतं. शाकीर उठला. चपला घालताना आतून अकरा-बारा वर्षांची मुलगी बाहेर आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. वेणी दोन दिवस घातली नसावी.

"शिवलीला, आत जा," सिद्धू म्हणाला.

ती गेली नाही. ती शाकीरकडं बघत होती.

"काका, तितं खरंच अंधार हुता?"

"होय बाळा. लई अंधार होता. मीच केला होता."

"मंग आई फोनवर बोलत नसती, तरी ट्रॅक्टरवाल्याला दिसली नसती?"

शाकीरला ते ठाऊक नव्हतं. ते कुणालाच कधी कळणार नव्हतं. त्यानं एकदा सिद्धूकडं पाहिलं.

"नसती दिसली," तो म्हणाला.

पोर उंबऱ्यावर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बापाच्या तोंडाकडं बघून बोलली.

"पप्पा, फोन मीच लावला हुता. आज्जीच्या फोनवरनं. लवकर ये म्हनून."