म्हशींचं भाडं

साखर, सिमेंट, लोखंड, सगळी भाडी आता चालक नसलेल्या ट्रकांकडे गेली होती. तातोबा खोतांच्या ट्रकला चांगलं भाडं मिळायचं ते फक्त म्हशींचं. माणसाचा आवाज नसला की म्हशी गाडीत बिथरायच्या आणि पुढे आठवडाभर दूध द्यायच्या नाहीत. तातोबा वाटभर त्यांच्याशी बोलत. तो आवाज विकत घ्यायला त्या ट्रकांच्या कंपनीची माणसं दोनदा आली होती. तातोबांनी दिला नव्हता.

कागलजवळच्या ढाब्यावर ते जेवत होते. समोर भर उन्हात कंपनीचा ट्रक बंद पडला होता आणि आतल्या म्हशी ओरडत फळ्यांना धडका देत होत्या. मेकॅनिक यायला दोन तास होते.

तातोबा ताटावरून उठले.

"दादा, ती गाडी सगळं ऐकती," ढाबेवाली सुंद्राक्का म्हणाली. "तुमचं बोलणं टिपून घेतलं, तर उद्या तुम्हाला भाडं कोण देणार?"

"ठाऊक आहे गं."

त्यांनी फळ्यांच्या फटीतून हात घालून एका म्हशीच्या कपाळावर ठेवला. वर बारीक लाल दिवा लागला. तातोबांनी तो पाहिला.

"थांब बाई, थांब. आलोय मी," ते म्हणाले, आणि मेकॅनिक येईपर्यंत बोलत राहिले.